काळजीवाहू बोऱ्हाडे

आपण कुठे गेलो की "पोचलात का?" असं विचारणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. बोऱ्हाडेभाऊंचा फोन आपण निघण्याआधी यायचा. "ताई, निघताय ना? सलवा रोडची डावीकडची लेन कालपासून बंद केलीय बरं का. आणि मागचा टायर बघून घ्या, काल मला जरा बसल्यासारखा वाटला." टायर धडधाकट असायचा. लेन मात्र खरंच बंद असायची, कारण त्या दिवसांत दोहातला कुठलाच रस्ता फार काळ एका जागी राहत नव्हता. वर्ल्डकप अजून काही वर्षं लांब होता, पण पाहुणे उद्याच येऊन ठेपणार असल्यासारखं सगळं शहर खणून ठेवलं होतं.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. जहाजाने येणारा अवघड माल हमद पोर्टवर उतरवून घ्यायचा आणि जिथला तिथे सुखरूप पोचवायचा, हे आमचं काम. मी विम्याचं आणि कागदपत्रांचं बघायचे, भाऊ पेट्यांचं बघायचे. कुठल्या वस्तूला कसली पेटी, आत काय भरायचं, दोर कुठून घ्यायचा, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूळचे निफाडकडचे. कॉलेज झाल्यावर पहिली नोकरी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसमध्ये केली, आणि तिथली शिस्त अंगात मुरली ती कायमची. "द्राक्ष दिसतं तेवढं नाजूक नसतं, ताई," ते म्हणायचे, "आणि दगड दिसतो तेवढा भक्कम नसतो."

उंच, जरासे वाकलेले. शर्टाच्या खिशात खडू, पँटच्या खिशात सुतळीचा गुंडाळा. गाडी लावायची ती तोंड बाहेरच्या बाजूला करूनच. अबू हमूरच्या त्यांच्या व्हिलात कधी गेलं, की बोलता बोलता ते समोरच्याचा चहाचा कप टेबलाच्या काठापासून आत सरकवत. त्यांचं त्यांनाही कळत नसे. मी मुद्दाम तो पुन्हा काठाशी नेत असे, आणि ते पुन्हा आत ढकलत. कल्पनावहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. "अहो, त्यांचा कप त्यांना पडू द्या की!"

"होणार काही नाही," भाऊ म्हणायचे, "पण झालं तर?"

हे त्यांचं पालुपद. त्यांची मुलगी सई इंग्लिश शाळेत वाढलेली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमधून यायचं. एवढं एकच वाक्य ती अस्सल निफाडी हेल काढून म्हणायची आणि आम्हाला हसवायची. एवढी काळजी कशापायी, असं मी एकदा भाऊंना विचारलं होतं. काही जुना अपघात, काही गमावलेलं माणूस, असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "काही नाही. आमच्या आईचा स्वभाव आलाय."

पोर्टवर त्यांच्यामुळे बरेच जण कातावलेले असत. एकदा स्टेडियमसाठी काचांचा कंटेनर आला. दार उघडल्याबरोबर भाऊ आत डोकं घालून उभे राहिले आणि वास घेत म्हणाले, "ओल आहे." बाकी कुणाला ओल दिसेना. क्रेन खोळंबलेली, मॅनेजर थॉमससरांचे फोनवर फोन. भाऊंनी सगळ्या पेट्या बाहेर काढायला लावल्या, एकेक उघडून हात फिरवला. सगळं कोरडं ठणठणीत. फोरमन वैतागून म्हणाला, "खलास भाऊ, कुछ नहीं है."

"कुछ नहीं है, ये देख लिया ना?" भाऊ शांतपणे म्हणाले, "अब घर जाकर सो सकता हूँ."

ते नेहमी बरोबर ठरत, असं मुळीच नाही. आम्ही चार मराठी कुटुंबं एका शुक्रवारी सीलाइनच्या वाळूकडे निघालो होतो. पोहे, शेव, कोकम सरबत, मुलांचे पतंग, सगळा जामानिमा. मसईद मागे पडलं आणि भाऊंनी सगळ्या गाड्या थांबवल्या. आकाशाच्या एका कडेला त्यांना पिवळसर झाक दिसली होती. शमालचं वादळ उठणार, वाळूत गाड्या अडकणार, लेकरं बरोबर आहेत. माझा नवरा हुज्जत घालून दमला. मुलं रडली. आम्ही मागे फिरलो आणि ते पोहे भाऊंच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून खाल्ले. संध्याकाळपर्यंत बाहेर झाडाचं पान हललं नाही. भाऊ मधूनमधून खिडकीशी जाऊन बघून येत होते. शेवटी ओशाळून मुलांना म्हणाले, "चुकलं माझं. पुढच्या शुक्रवारी मी नेतो." आणि नेलं. त्याही वेळी टायरची हवा दोनदा तपासली.

अशा माणसाला स्कॉटलंडला पाठवायचं ठरलं, आणि बरोबर मला.

वर्ल्डकपच्या तयारीचा भाग म्हणून दोहात जगभरातल्या कोरीव दगडांचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्यात एक दगड स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातून यायचा होता. हजारबाराशे वर्षांपूर्वी तिकडे पिक्ट नावाचे लोक राहत. त्यांनी लिहिलेली पुस्तकं उरली नाहीत, राज्य उरलं नाही, भाषाही गेली. उरले ते त्यांनी कोरलेले दगड, आणि त्यांवरच्या खुणांचा अर्थ आज कुणालाही नक्की सांगता येत नाही. आमच्याकडे आलेल्या माहितीत एवढंच होतं. दगड प्रवासाला योग्य आहे, असा शेरा तिथल्या एका तज्ज्ञाने देऊन ठेवला होता. भाऊंनी पेटीसाठी मापं घ्यायची, दगड पाहून होकाराची सही करायची आणि मी विम्याचे कागद पुरे करायचे. एवढंच काम. थॉमससर निघताना हसत म्हणाले होते, "भाऊ, छोटा सा गाँव है, छोटा सा म्यूझियम है. घूम के आओ." त्या कंत्राटावर त्यांचा फार जीव होता. हे एक नीट पार पडलं की पुढची मोठी कामं आमच्याकडे येणार, असं ते सगळ्यांना सांगत.

म्यूझियम म्हणजे गावातली जुनी शाळा. दोन खोल्या, उंच खिडक्या, बाहेर झिमझिम पाऊस आणि पलीकडे दफनभूमी. किल्ल्या एल्सपेथ नावाच्या बाईंकडे होत्या. सत्तरीच्या पुढच्या, जाड लोकरी स्वेटर, पायात बूट. त्या याच शाळेत शिकल्या, इथेच पुढे शिकवलं, आणि शाळा बंद झाल्यावर दगडांची देखभाल करू लागल्या. त्यांनी दार उघडलं आणि आत आधी एक छोटा हीटर लावला, जणू थंडी दगडांना वाजत होती.

मी तोवर बरीच म्यूझियमं पाहिली होती, पण असं पाहिलं नव्हतं. काचा नाहीत, दोर नाहीत. भिंतीला धरून वीसपंचवीस दगड उभे, काही माणसाच्या उंचीचे, काही नुसतेच तुकडे. एकावर घोडेस्वारांची रांग. एकावर मासा, इतका साधा आणि इतका ओला, की आत्ताच पाण्यातून काढल्यासारखा. आरसा आणि फणी. दोन चकत्या जोडणारी एक आडवी, मोडलेली रेघ. एका दगडावर लांब सोंडेचा, वळलेल्या पायांचा एक विचित्र प्राणी होता. त्याच्यासमोर भाऊ थबकले.

"हत्तीच की हा!"

"सगळे तेच म्हणतात," एल्सपेथबाई म्हणाल्या. "पण त्यांनी हत्ती कुठून पाहिला असेल? काही जण म्हणतात डॉल्फिन आहे. मी मुलांना सांगायचे, तुम्हाला जो वाटेल तो."

आमचा दगड आतल्या खोलीत होता. एका अंगाला क्रूस, आणि त्यात न संपणारी वीण भरलेली, एकच धागा वरून खालून जात पुन्हा स्वतःला येऊन मिळणारा. भाऊ बोट न लावता, हवेतल्या हवेत तो धागा गिरवत राहिले. दगडाच्या खालच्या तिसऱ्या भागात एक आडवा जोड होता. पूर्वी कधीतरी तो दुभंगला होता, आणि शंभरएक वर्षांपूर्वी कुणीतरी आत लोखंडी सळ्या घालून सांधला होता. तज्ज्ञाला हे माहीत होतं. त्याने लिहिलंही होतं.

भाऊ मापं घ्यायला वाकले. मग जमिनीवर बसले. मग चक्क आडवे झाले आणि भिंत व दगड यांच्यामधल्या फटीत टॉर्च धरून पाहू लागले. बराच वेळ ते उठेनात. उठले तेव्हा शर्टाला धूळ लागलेली होती आणि चेहरा उतरला होता.

"ताई, जरा इकडे या. मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसतोय का?"

दिसत होता. पण जुन्या भिंतीवर असतात तसे डाग, मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

"आतली सळई गंजली असेल काय? जहाजावर महिनाभर हादरे. वर समुद्राची हवा. मग आपल्याकडचा उन्हाळा, मग पुन्हा एसी." ते पुटपुटले. "होणार काही नाही..."

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही.

त्यांनी तज्ज्ञाला फोन लावायला सांगितला. तो माणूस सभ्य होता. डाग आपल्याला ठाऊक आहे, पेटी नीट बांधली तर धोका स्वीकारण्याजोगा आहे, असं त्याने समजावून सांगितलं. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवल्यावर मला मराठीत विचारलं, "स्वीकारण्याजोगा म्हणजे कुणी स्वीकारायचा? त्यांनी, मी, का ह्या बाईंनी?"

बाईंना सांगणं सगळ्यात अवघड होतं. शाळेचं छप्पर गळत होतं. दोहाहून जी रक्कम यायची होती, तिच्यावर त्या छपराची दुरुस्ती ठरली होती. शिवाय, त्या आम्हाला दोनदा म्हणाल्या होत्या, इथे थंडीत आठवड्यात एखादं माणूस येतं. तिकडे जग येईल, माझा दगड बघेल. भाऊ त्यांच्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले आणि आपल्या साध्या इंग्लिशमध्ये म्हणाले, की मला नेमकं कळत नाही, मी शास्त्रज्ञ नाही, पण मला भीती वाटते. मी ह्याची पेटी बांधणार नाही.

बाई लालबुंद झाल्या. "माझा दगड दुबळा आहे, हे सांगायला तुम्ही एवढ्या लांबून आलात?"

"दुबळा नाही. म्हातारा आहे."

"मीही म्हातारी आहे. मी प्रवास करते!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी हीटर बंद केला आणि बंद व्हायची वेळ झाली म्हणाल्या. त्या दिवशी चहा मिळाला नाही. गावातल्या खानावळीच्या वरच्या खोल्यांवर परतताना भाऊ पावसात म्हणाले, "ताई, मी चुकत असेन तर? शमाल कुठे आला होता त्या दिवशी?"

सकाळी बाईंनी स्वतःच बोलावणं पाठवलं. आम्ही गेलो तर त्या दगडाजवळ उभ्या होत्या, डोळे न झोपलेल्या माणसाचे. "तुम्ही काय पाहिलंत ते मला दाखवा," त्या म्हणाल्या. भाऊंनी त्यांना खाली वाकायला मदत केली, टॉर्च धरला. बाईंनी फटीत हात घातला आणि जोडाच्या खालून हलकेच फिरवला. हात बाहेर काढला तेव्हा तळव्यावर दगडातून सुटलेल्या तांबड्या वाळूचे कण होते. त्या बराच वेळ त्या कणांकडे पाहत राहिल्या. कण पडू नयेत म्हणून मूठ मिटली. भाऊंचं पटलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. "चला, चहा करते," एवढंच म्हणाल्या. आणि चहा होईस्तोवर त्यांनी मुठीतली वाळू एका छोट्या बरणीत सोडली आणि बरणी दगडाच्या पायाशी ठेवली.

दोहात परतल्यावर व्हायचं ते झालं. थॉमससरांनी दार लावून घेतलं, तरी आवाज बाहेर येत होता. "एक्स्पर्ट बोल रहा है ओके! म्यूझियम बोल रहा है ओके! आप कौन होते हैं?" भाऊ काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला पाठवून सही घेता आली असती. सरांनी तसा प्रयत्नही केला. पण आता एल्सपेथबाईच नाही म्हणत होत्या. शेवटी दगडाची हुबेहूब प्रतिकृती करून पाठवायचं ठरलं. कंत्राट लहान झालं. पुढची मोठी कामं दुसऱ्या कंपनीकडे गेली. ती ह्याच कारणाने गेली की आणखी कशाने, हे मला सांगता येणार नाही, पण ऑफिसात सगळे हेच कारण सांगत. भाऊंचा करार वर्षअखेरीनंतर वाढवायचा नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. हातातली कामं संपेस्तोवर, म्हणजे एप्रिलपर्यंत, राहता येईल. सईची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. हे नशीबच म्हणायचं. पण ते एप्रिलचं आश्वासन तोंडीच होतं, आणि त्या हिवाळ्यात त्या घरावर त्या एका शब्दाचं ओझं होतं. फोन वाजला की तिघांच्याही माना वळायच्या.

एका शुक्रवारी मी गेले, तेव्हा कल्पनावहिनी स्वयंपाकघरात होत्या. कणीक मळता मळता त्या एकदम थांबल्या. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. भाऊ दारात उभे होते.

"लेकीची बारावी आहे," वहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "उद्या व्हिसा गेला तर परीक्षेच्या आधी सामान बांधायला लागेल. आणि तुम्हाला काळजी कुणाची, तर दगडाची! आयुष्यभर आमच्या कपांना, गॅसला, टायरला जपलंत. अन् जिथं जपायचं तिथं?"

भाऊ आत आले. ओट्याला टेकून उभे राहिले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तो फुटला असता ना कल्पना, तर मी परत कुठलीच पेटी बांधू शकलो नसतो. मग तुम्हाला काय खायला घातलं असतं?"

"फुटला नसता तर?"

"तर तुझं बरोबर," भाऊ म्हणाले. "ते आता कुणालाच कळायचं नाही."

वहिनींनी कणकेचा हात तसाच डोळ्यांना लावला. हॉलमधून सईचा आवाज आला, "कॅन यू गाइज प्लीज नॉट? आय हॅव फिजिक्स!" थोड्या वेळाने भाऊंनी गुपचूप कणकेचं ताट आपल्याकडे ओढलं आणि उरलेली कणीक मळायला घेतली. त्यांना ते अजिबात येत नव्हतं.

प्रदर्शन जानेवारीत भरलं. भाऊ जातील असं मला वाटलं नव्हतं, पण ते वहिनींना आणि सईला घेऊन आले. प्रतिकृती मोठ्या दालनात, मंद दिव्यांत उभी होती. कारागिरांनी कमाल केली होती. वीण तीच, क्रूस तोच, जोडाची रेघसुद्धा जशीच्या तशी. लोक फोटो काढत होते. भाऊंनी सवयीने भोवती एक फेरी मारली, पायथा बघितला आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"छान केलाय," ते म्हणाले. "पण ह्याची काही काळजीच वाटत नाही, ताई. म्हणून फार वेळ बघवत नाही."

सईची परीक्षा पार पडली. ज्या दिवशी शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या आणि थॉमससरांच्या घरीही डबा पाठवला. एल्सपेथबाईंशी माझं मधून कधीतरी फोनवर बोलणं व्हायचं. प्रतिकृतीच्या परवानगीपोटी त्यांना थोडी रक्कम मिळाली होती आणि छपराची एक बाजू तरी झाली होती. दुसऱ्या बाजूखाली त्यांनी बादली ठेवली होती. दगड होता तिथेच होता. बाई म्हणाल्या, "त्या उंच गृहस्थांना सांगा, मी अजून रागावलेली आहे. पण रोज सकाळी दार उघडताना बरं वाटतं."

मी सांगितलं. भाऊंनी दोनदा सांगायला लावलं.

एप्रिलमध्ये त्यांचं विमान दुपारचं होतं. मी त्यांना सोडायला गेले. बॅगा आधीच माझ्या नवऱ्याच्या गाडीतून पुढे गेल्या होत्या. वहिनी माझ्या शेजारी बसल्या, भाऊ आणि सई मागे. शेवटचे काही दिवस घर आवरणं, किल्ल्या देणं, बँक, फोन, वीज, पाणी, सगळं त्या माणसाने एकट्याने केलं होतं. अबू हमूर सुटेस्तोवर ते मला काहीतरी सांगत होते, दिवाळीत या, निफाडला या, द्राक्षाच्या दिवसांत या. मग बोलणं तुटक झालं. विमानतळाकडे वळलो तेव्हा मागे शांतता होती. आरशात पाहिलं तर भाऊ झोपले होते. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला पडलेली, हात मांडीवर पालथे.

प्रवाशांना उतरवायची जागा समोर दिसू लागली. वहिनींनी मागे वळून पाहिलं, मग हलकेच माझ्या मनगटाला हात लावला.

"वेळ आहे ना ताई?"

"आहे."

"मग एक चक्कर मारा."

मी वळण सोडून दिलं आणि पुढच्या गोल चौकातून गाडी पुन्हा बाहेरच्या रस्त्याला घेतली. हळू चालवत होते, मागचे हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. रस्ता नवा होता, तरी मध्येच कुठे खडी निसटलेली होती आणि गाडी जराशी उसळली. मी दचकून आरशात पाहिलं. भाऊ जागे झाले नव्हते. सई एका हाताने फोन बघत होती, आणि दुसरा हात तिने लांब करून बापाच्या डोक्याच्या आणि खिडकीच्या काचेच्या मध्ये धरला होता.